मशीननं खाल्लं, असं मी सांगितलं होतं

गुरुजी, तुम्ही जाऊन आज सतरा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी भांडण अजून चालूच आहे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मधेच तोंडातून निघून जातं, "नाही हो गुरुजी, तसं नव्हतं ते." परवा आमच्या ह्यांनी ऐकलं. म्हणाले, "अगं, आता तरी त्यांना जिंकू दे." मी हसले आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसले.

शोकसभेत तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. नोकरी कधी लागली, बदल्या कुठे कुठे झाल्या, सेवापुस्तकातलं सगळं सांगून झालं. ऐकताना वाटलं, हे कोणा भलत्याच सज्जन माणसाबद्दल चाललंय. तुम्ही हट्टी होता, हे एकानेही म्हटलं नाही. मी म्हणणार होते. पण माईक हातात आला आणि "गुरुजींनी मला शिकवलं" एवढं बोलून मी खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू आलंच होतं. पण थांबले ते त्यामुळे नाही. पुढचं वाक्य माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या तोंडावर बोलायचं होतं.

मी मूळची नगरकडची. लग्न होऊन डहाणूजवळ सरावलीला आले. हे रेल्वेत, सिग्नलच्या कामावर. मला शाळा मिळाली ती तलासरीच्या पुढे, उधव्याच्या बाजूला, एका पाड्यावरची. दोन शिक्षकी शाळा. एक तुम्ही, लहानू गुरुजी, त्याच पाड्यात जन्मलेले; आणि एक मी, नुकतीच आलेली. पहिल्याच दिवशी मी पहिलीच्या वर्गापुढे चित्रांचा तक्ता धरून "हे काय? हे काय?" विचारत होते आणि पोरं माझ्याकडे बघत गप्प बसली होती. अर्धा तास. मला वाटलं, ही मुलं मंद आहेत. खरंच तसं वाटलं. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात, वारलीत एक वाक्य बोललात आणि वर्ग एकदम किलबिलायला लागला. प्रत्येकाला त्या तक्त्यावरचं काहीतरी सांगायचं होतं. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बाई, त्यांना सगळं येतंय. तुम्हाला येत नाही."

राग आला होता मला. घरी येऊन ह्यांना म्हणाले, "हेडमास्तर उद्धट आहे." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वही घेऊन तुमच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मग शिकवा." तुम्ही रोज पाच शब्द द्यायचात. सहावा मागितला तर म्हणायचात, "आधीचे पाच पोरांशी बोलून या." मी चुकीचं बोलले की पोरं हसून लोळायची आणि मग स्वतःच दुरुस्त करायची. त्या वर्षी मी शिकवलं कमी आणि शिकले जास्त. पण पुढच्या वर्षी जून महिन्यात नवीन मुलं आली तेव्हा माझ्या वर्गात कोणी गप्प बसलं नाही.

त्या वहीतूनच पुस्तकाची कल्पना निघाली. एक चित्र, त्याखाली तुमचा शब्द, त्याखाली मराठी शब्द. पहिलीच्या मुलाला घरातून शाळेत यायला एक पायरी, असं तुम्ही म्हणायचात. टाइप कोण करणार? आमच्या घरी कॉम्प्युटर होता. ह्यांनी एका सहकाऱ्याकडून जुना घेतलेला, फुगीर पडद्याचा, चालू झाला की पाण्याचा पंप लागल्यासारखा घरघरणारा. तुम्ही दर रविवारी जीपने चारोटीला, तिथून डहाणूच्या एसटीने सरावलीला यायचात. खिशात शब्दांचे कागद आणि पिशवीत काहीतरी पाड्यावरचं. कधी वालाच्या शेंगा, कधी कंद. मी टाइप करायची, तुम्ही शेजारी खुर्चीवर ताठ बसून पडद्याकडे बघायचात, आणि आपण भांडायचो.

काय भांडायचो आपण! वारली शब्द वर की मराठी शब्द वर. मी म्हणायचे, परीक्षा मराठीत आहे, मराठी वर. तुम्ही म्हणायचात, "आई आधी की मास्तर आधी?" मी म्हणायचे, अक्षर तरी सारखं ठेवा. तुम्ही म्हणायचात, वारलीचं मोठं. एखाद्या शब्दाला ऱ्हस्व द्यायचा की दीर्घ, यावर एक पूर्ण दुपार गेलेली मला आठवते. तुम्ही तो शब्द चाळीस वेळा म्हणून दाखवलात. शेवटी ह्यांनी आतून ओरडून सांगितलं, "आता मलाही पाठ झाला!"

गोष्टींचं तुमच्याच डोक्यातून निघालं. शब्दांच्या पुस्तकाला मागे दोन-तीन गोष्टी जोडू, म्हणालात, माझ्या आईच्या. तुमची आई तेव्हा सत्तरीच्या पुढची होती, दात एकही नव्हता आणि आवाज असा की अंगणाच्या पलीकडची माणसं काम सोडून ऐकायला यायची. मी मोबाइलवर रेकॉर्ड करायची. फोनमधलं कार्ड लहान, दोन गोष्टींत भरायचं. म्हणून रविवारी ते कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि कार्ड रिकामं करायचं. अशा अकरा गोष्टी झाल्या. आईंना एकदा मी त्यांचाच आवाज ऐकवला. त्या फोनकडे बघत राहिल्या आणि तुम्हाला काहीतरी म्हणाल्या. तुम्ही हसलात. मी अर्थ विचारला तर म्हणालात, "म्हणते, ही म्हातारी कोण, फार लांबण लावते."

मग ती सूचना यायला लागली.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा उगवायचा. इंग्रजीत लिहिलेलं असायचं की व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे. मी तो फुगा बंद करायची. परत यायचा. मग सगळं इतकं सावकाश व्हायचं की एक अक्षर दाबून चहा टाकून यावा. आणि मग पुस्तकाची फाईल आपोआप बंद पडायची, शेवटी साठवल्यानंतर केलेलं सगळं घेऊन. मी एकदाही ती सूचना शेवटपर्यंत वाचली नाही. मेमरी कमी म्हणजे जागा कमी, जागा कमी म्हणजे काहीतरी काढायला हवं, एवढं मला कळलं असं मला वाटत होतं.

त्या महिन्यात तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. सोमवारी पानं छापून न्यायची होती. तुम्ही त्या रविवारी आला नाहीत, शेतावर कापणी होती. सकाळपासून मी एकटी बसले होते. चित्रं सगळी स्कॅन केलेली, मोठी मोठी. एक पान लागलं की फुगा. दोन पानं लागली की सगळं थोडा वेळ ठप्प. सकाळी बारा पानं गेली. परत लावली. दुपारी दोनच्या सुमाराला तीच बारा पानं परत गेली. मी रडकुंडीला आले होते. कॉम्प्युटरमधे सगळ्यात जास्त जागा कोण खातंय ते शोधलं. आईंच्या गोष्टी. मनात आलं, आई ठणठणीत आहेत, पुढच्या महिन्यात परत सांगतील, उलट या वेळी आणखी चांगल्या सांगतील. सगळ्या निवडल्या आणि काढून टाकल्या. वर कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली, पूर्ण जागा व्हावी म्हणून.

पाचच मिनिटांत फुगा परत आला.

तेव्हाही मला कळलं नाही. पानं मी शेवटी दोन-दोन करून वेगळ्या फाईलमधे लावली, संध्याकाळी छापून आणली, सोमवारी आपण प्रदर्शन मांडलं. लोक थांबून थांबून बघत होते. एक शिक्षिका म्हणाली, हे आम्हालाही द्या. तुम्ही इतके खूश होता की त्या दिवशी मी काही बोलले नाही. म्हटलं, सांगू, परत रेकॉर्ड करायला गेलो की सांगू.

तीन आठवड्यांनी आई गेल्या. सकाळी अंगण झाडलं, बसल्या आणि गेल्या.

दिवस झाल्यावर पहिल्याच रविवारी तुम्ही आलात. सोबत तुमच्या मंडळी, जानकीताई. त्या आमच्या घरी पहिल्यांदाच येत होत्या, नवं लुगडं नेसून, दारातच चप्पल काढून हातात धरून उभ्या. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "बाई, जरा आईचा आवाज लावा. हिलाही ऐकायचाय."

मी कॉम्प्युटर चालू केला. तो चालू व्हायला जेवढा वेळ घेत होता तेवढा वेळ मला होता. खरं सांगायला तो पुरेसा होता, गुरुजी. मी तो फुकट घालवला. पडदा उजळला आणि मी म्हणाले, "गुरुजी, सिस्टम क्रॅश झाली होती. व्हर्च्युअल मेमरी लो होती ना, त्यात डेटा करप्ट झाला. सगळ्या फायली गेल्या. मशीननं खाल्लं हो."

जानकीताईंना काही कळलं नाही, त्या तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही पडद्याकडे बघत होता. मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस न पेटवताच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते काय लिहून येतं म्हणालात, ते मला कागदावर उतरवून द्या."

मी विचारलं, "कशाला?"

"अजून शब्द आहेत आपले त्याच्यात. तेही खाईल की."

फुगा आला तेव्हा मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला, तुमच्यासाठी उतरवताना. तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात. चहा पूर्ण प्यायलात. जानकीताईंनी जाताना माझ्या हातावर हात ठेवला. तो हात मला त्या वेळी फार जड वाटला.

पुढच्या रविवारी तुम्ही येणार नाही असं मी धरून चालले होते. तुम्ही नेहमीच्या वेळेला आलात. आठवडाभर शाळा सुटल्यावर रोज जीपने चारोटी नाक्यावर जात होता, हे तेव्हा कळलं. तिथे हायवेलगत कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान होतं. त्या दुकानदाराला तुम्ही कागद दाखवला, त्याने "मशीन घेऊन या" सांगितलं, तुम्ही म्हणालात, मशीन नाही आणणार, मला शिकवा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो शिकवायचा. तोवर तुम्ही बाकावर बसून राहायचात. ज्या माणसाने माऊसला कधी हात लावला नव्हता, तो माणूस आठ दिवसांनी आमच्या घरी येऊन म्हणाला, "बाई, जरा सरका."

एका बोटाने, कागदावरची पायरी वाचत वाचत, तुम्ही ते केलंत. आधी कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप सुरू होणारी सतरा गोष्टींची यादी काढलीत आणि एकेक विचारलंत, "हे तुम्ही वापरता? हे?" मी कुठलंच वापरत नव्हते. बंद, बंद, बंद. मग कुठल्या कुठल्या खिडक्या उघडून एका जागी पोचलात, तिथे दोन आकडे होते, ते वाढवलेत, आणि कॉम्प्युटर बंद करून परत चालू केलात. हे दारात उभे राहून बघत होते. रेल्वेत सिग्नल सांभाळणारा माणूस, पण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "गुरुजी, पण हे नक्की काय केलंत?"

तुम्ही म्हणालात, "ओटीवर दहा माणसं मावतात. पंधरा आली तर पाच अंगणात बसवतो. अंगणात गोणी अंथरली होती ती फारच लहान होती. मोठी अंथरली."

"म्हणजे घरात जागा नव्हती असं नाही?"

"घर अर्धं रिकामं आहे," तुम्ही म्हणालात. "सामान काढायची काहीच गरज नव्हती."

मग माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बोट दाखवून शिकवल्यासारखं म्हणालात, "ही सूचना आली म्हणून साठवलेलं काही पुसलं जात नाही. जे अजून साठवलं नाही तेवढंच जातं. ती फक्त म्हणते, जरा थांबा, थोडं आवरा, उघडलेलं बंद करा. पुढे लिहिलंय की काही प्रोग्रामच्या विनंत्या नाकारल्या जातील. अगदी पंचायत समितीसारखी भाषा आहे."

हे हसले. मी हसले नाही. मला वाटलं, आता विचारतील. आता मान वळवतील आणि विचारतील. तुम्ही मान वळवलीत आणि म्हणालात, "दर पाच मिनिटांनी साठवायचं. कोपऱ्यातलं ते बटण. ती सवय लावा. आणि चहा टाका."

त्या दिवशी चौदा पानं झाली. फुगा आला नाही.

नंतर आपण गोष्टी परत गोळा करायला निघालो. तुम्हीच म्हणालात, आईने या गोष्टी काही एकट्या मला सांगितल्या नाहीत, अर्ध्या तालुक्याला सांगितल्यात. मग सुट्टीच्या दिवशी पाड्यापाड्यांवर. कोणी म्हातारा, कोणी म्हातारी, ज्यांनी त्यांच्या लहानपणी किंवा तरुणपणी आईंकडून ऐकलं होतं. कोणाला सुरुवात आठवायची, कोणाला शेवट. वरोरला दिलेल्या तुमच्या आत्याकडे गेलो, तिथे तिच्या मुलाने बोटीवरून उतरलेले बोंबील दिले आणि एसटीत सगळे आपल्यापासून लांब बसले. तुम्ही जोडत गेलात. पाच वर्षांत नऊ गोष्टी झाल्या. मी प्रत्येक गोष्ट तीन ठिकाणी साठवायची, कॉम्प्युटरवर, सीडीवर, पेनड्राइव्हवर. तुम्ही थट्टा करायचात, "बाई, दगडावरही कोरून ठेवा." मला माहीत होतं मी असं का करते. मला वाटायचं, तुम्हाला माहीत नाही.

पुस्तक छापून आलं. कव्हरचा रंग तुम्हाला आवडला नाही, तेही भांडण राहूनच गेलं. पण त्या वर्षी पहिलीत एक मुलगी होती, सखी नावाची. जूनपासून एक अक्षर बोलली नव्हती, तुमच्याशीही नाही. मी तिच्यापुढे पुस्तक उघडून ठेवलं आणि दुसऱ्या मुलांकडे गेले. पानावर एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मागून आवाज आला, "आयस." वळून बघितलं तर सखीने चित्रावर हात ठेवला होता. मी तुम्हाला हाक मारली, तुम्ही चौथीचं गणित सोडून धावत आलात. तिने तुमच्याकडे बघून पुन्हा म्हटलं, "आयस." तुमचे डोळे भरले. वर कुठला शब्द होता, हे तुम्ही मला मुद्दाम दाखवलंत. दाखवल्याशिवाय तुम्हाला राहवलंच नसतं.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. आणि त्यानंतर कितीतरी वेळा. जीपमधे, शाळेच्या पायरीवर, तुमच्या निवृत्तीच्या दिवशी हार घालताना. प्रत्येक वेळी वाटायचं, आजचा चांगला दिवस कशाला नासवा. चांगल्या दिवशी सांगवत नाही आणि वाईट दिवशी सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. अशी पंधरा वर्षं निघून जातात, गुरुजी.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा ठरवून आले होते. तुम्ही ओटीवर खाटेवर बसला होता, बारीक झाला होता, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी म्हणाले, "गुरुजी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

तुम्ही म्हणालात, "तुमचं ते मशीन कसं आहे?"

"ते केव्हाच गेलं. मुलीने नवीन लॅपटॉप दिलाय. भरपूर मेमरी आहे त्याला."

"मग बरंय," तुम्ही म्हणालात. "आता त्याच्यावर ढकलायला नको."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डोळे मिटून घेतले होते आणि मिशीखाली थोडं हसत होता. मग खोकला आला, जानकीताई पाणी घेऊन आल्या, आणि ते तिथेच राहिलं. तुम्हाला ठाऊक होतं, की मलाच उगाच तसं वाटलं, हा विचार करत मी घरी आले. आठवड्याने फोन आला.

तुमच्या दिवसांना आले होते त्याच दिवशी मी जानकीताईंना सांगितलं. जेवणं उरकली होती, माणसं पांगली होती. त्या मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. घर माणसांनी भरलेलं असलं तरी त्यांच्या हाताला काम लागतं. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. आईंचा आवाज मशीनने खाल्ला नाही, मी काढला. घाईत, रागात, जागा हवी म्हणून. आणि तुमच्यासमोर खोटं बोलले.

त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "ते ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. जीपमदी बसलो तवा हे बोलले, बाईंनी काढलं हाय. मी बोलले, तुमाला कसं कळलं? तं बोलले, बाई खरं बोलतात तवा साधं बोलतात. आज एका दमात किती इंग्रजी बोलल्या, मोजलं का?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी विचारलं, "मग मला का नाही विचारलं त्यांनी?"

"मी तेच बोलले. तं बोलले, बाई घाबरल्यात. विचारलं तं शाळेला येतील, पण घरी बोलावनार नाय. मग पुस्तक राहील. आधी त्यांची भीती घालवतो." जानकीताईंनी एक शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. "रागावले व्हते. दोन दिवस जेवले नाय नीट. मग चारोटीला जायला लागले."

म्हणजे गुरुजी, तुम्ही त्या दुकानाच्या बाकावर आठ दिवस बसलात ते कॉम्प्युटरसाठी नव्हेच. किंवा कॉम्प्युटरसाठीही होतं, तुमचं काही सांगता येत नाही. "सामान काढायची काहीच गरज नव्हती" हे तुम्ही मला शिकवलंत, रागावलात, आणि माफही केलंत, सगळं एकाच वाक्यात. आणि मी त्याला पंधरा वर्षं नुसती माहिती समजत राहिले. एवढं कोणी कोणासाठी करत नाही हो. मला वर्गात उभं राहायला शिकवलंत, तुमची भाषा दिलीत, आणि माझं खोटंही पोटात घातलंत. तुमच्यासारखा माणूस मला शेजारच्या वर्गात मिळाला, एवढ्यामुळे नगर सोडून इतक्या लांब आल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं. नाही बोलले.

पण भांडण वेगळ्याच गोष्टीचं आहे. तेही ऐका.

मी डोळे पुसून जानकीताईंना म्हणाले, "तरी त्या अकरातल्या दोन गोष्टी आम्हाला शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत. किती पाडे फिरलो."

त्या म्हणाल्या, "कुठल्या?"

मी सांगितल्या. एक खेकड्याची आणि एक आंधळ्या बगळ्याची.

"त्या मला येतात," त्या म्हणाल्या. "सगळ्याच येतात. बावीस वर्षं सासूच्या हाताखाली रांधलं मी. ती रांधताना गप बसायची व्हय?"

मी म्हणाले, "मग तुम्ही बोलला का नाहीत कधी?"

"बोलले की एकदा. हे बोलले, तुला नीट येत नाय, तू मधलं विसरतेस. मग तुमी दोघं म्हाताऱ्या मानसांना शोधायला जायचे. मी भाकरी बांधून द्यायची." रागाने नाही बोलल्या. शेंगा सोलता सोलता सांगितलं, एवढंच.

आता बोला, गुरुजी! पाच वर्षं आपण उन्हातान्हात वरोरपर्यंत जाऊन आलो आणि गोष्ट तुमच्या चुलीपाशी बसली होती. "त्यांना सगळं येतंय, तुम्हाला येत नाही," हे मला पहिल्या दिवशी सुनावणारे तुम्हीच ना? मग घरात काय झालं होतं? तुमचा फार राग आला मला. आणि माझाही आला, कारण मी तरी कुठे विचारलं? त्यांच्या हातची भाकरी मी पाच वर्षं खाल्ली. या भांडणात तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत, हेच अवघड आहे.

मी फोन काढून पडवीत खाली ठेवला आणि म्हणाले, "सांगाल?"

"आता?"

"आता."

त्यांनी पदर सारखा केला, एकदा आत बघितलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून, आणि सुरुवात केली. पहिली गोष्ट खेकड्याची नव्हती, बगळ्याचीही नव्हती. आपल्या यादीतलीच नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, "ही पुरुषांसमोर सांगायची नाय. सासूने फक्त सुनांना सांगितली." तुमच्या आईने तुम्हालाही ती कधी सांगितली नव्हती, गुरुजी. मुलीला नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा एकटं वाटतं तेव्हाची गोष्ट आहे. मी नगरहून इथे आले तेव्हा कोणी मला ती सांगायला हवी होती. जानकीताई मधलं काही विसरल्या नाहीत. कुठेही अडल्या नाहीत. शेवटी शेवटी त्यांचा आवाज इतका चढला की आत झोपलेल्या पोरी उठून दारात येऊन बसल्या.

गोष्टीत सहा शब्द मला कळले नाहीत. इतकी वर्षं असं झालं की मी तुम्हाला फोन करायची. मी जानकीताईंना विचारलं. पाच त्यांनी पटापट सांगितले. सहाव्याला थोडं थांबल्या, म्हणाल्या, "हा त्यांना पन ठाऊक नसेल. चुलीपाशीच बोलतात हा." सगळ्यांची जेवणं झाल्यावर, उशिरा येणाऱ्या कोणासाठी तरी भांड्याच्या तळाशी राखून ठेवलेला भात, त्याला तो शब्द आहे.

तो मी इथे लिहीत नाही. ऱ्हस्व की दीर्घ ते अजून ठरायचंय. येत्या रविवारी मी परत पाड्यावर जाणार आहे, त्यांच्याकडून तो नीट म्हणायला शिकेन, आणि मगच लिहीन. मोठ्या अक्षरात, वर.